ऊस ते गूळ: नववीच्या मुलांचा माहितीपट आणि माहितीचित्र, चित्रणापासून छपाईपर्यंत

वर्गशिक्षिका_करवीर
नववीच्या मुलांचा प्रकल्प आहे, विषय ‘ऊस ते गूळ’. सहा मिनिटांचा माहितीपट आणि ए-२ आकाराचं एक माहितीचित्र, म्हणजे ज्याला सगळे इन्फोग्राफिक म्हणतात ते, असं दोन्ही द्यायचं आहे. हाताशी तीन अँड्रॉइड फोन, एक साधा ट्रायपॉड आणि शाळेचा ८ जीबी रॅमचा संगणक. खर्च तीन हजारांच्या आत बसवायचाय. गुऱ्हाळाच्या मालकांनी तोंडी होकार दिलाय. फोनची सेटिंग, आवाज, एडिटिंग आणि आकडे कसे मांडायचे, सगळ्यावरच मार्गदर्शन हवंय. नेमकं सांगा, मुलं हा धागा स्वतः वाचणार आहेत.

काकवी_आणि_भाकरी
मॅडम, कॅमेरा नेण्याआधी मुलांनी एक अख्खं आधण, म्हणजे रसाचा गूळ होईपर्यंतची एक खेप, नुसतं बसून बघावं. हातात वही आणि घड्याळ, बस्स. चरकातून रस टाकीत, टाकीतून काहिलीत (रस उकळायची मोठी उथळ कढई), पहिली उकळी, मळी (वर येणारा घाणीचा फेस) काढणं, भेंडीचा चिकट रस घालणं, पुन्हा मळी, मग काकवीसारखा दाट रस, पाकाची परीक्षा, वाफ्यात (पाक निवायला ओततात तो उथळ हौद) ओतणं, घोटणं आणि शेवटी साच्यात भरणं. एका आधणाला साधारण अडीच ते तीन तास लागतात. प्रत्येक टप्प्यासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: किती मिनिटं चालतो आणि पुन्हा घडणार आहे का.

सगळं नियोजन या दुसऱ्या रकान्यावर ठरतं. चरक दिवसभर फिरत असतो, तो केव्हाही मिळेल. मळी तीन-चार वेळा निघते, एकदा हुकली तरी चालतं. पण पाक झाला म्हणून काहील वाफ्यात रिकामी होते तो खेळ दोन-तीन मिनिटांचा. तिथे तिन्ही फोन लागतात: एक लांबून पूर्ण जागा धरणारा, एक गुळव्याच्या (पाक ओळखून गूळ उतरवणाऱ्या कारागिराच्या) हातावर, एक वाफ्यावर. राहिलेला कोन त्याच दिवशीच्या पुढच्या आधणात घ्या. दुसऱ्या दिवशी कपडे आणि उजेड दोन्ही बदललेले असतात, जोड लगेच दिसते.

आणखी एक. मुलं गुळव्याभोवती गोळा होतात आणि जळव्या विसरतात. चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, तोंडाशी बसून चिपाडं (रस काढून उरलेला ऊस) सारणारा हा माणूस वरच्या काहिलीत काय चाललंय ते पाहू शकत नाही, तो गुळव्याच्या हाकेवर आच कमी-जास्त करतो. वरून हाक, खाली हात थांबतो, वर फेस बसतो, असे तीन तुकडे एकामागून एक लावले की प्रेक्षकाला निवेदन न ऐकता सगळं कळतं. माहितीपटाचा कणा मी तिथे धरला असता.

भिंगवाला
फोनची सेटिंग. मुलांनो, तिन्ही फोनवर अगदी सारखी ठेवा.

१०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. ४के नको, शाळेचा संगणक अडखळेल. फोनचा स्वतःचा कॅमेरा शटर हाती देत नसेल तर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट ॲप घ्या. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/६० ठेवलं की चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात.

आता गुऱ्हाळाची खास अडचण, रंग. हिरवट-करड्या रसाचा सोनेरी पाक होतो, हाच या विषयाचा गाभा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला तर फोन तो सोनेरीपणा ‘सुधारून’ फिका करतो, आणि चुलवाणातला जाळ चौकटीत आला की सगळंच निळसर होतं. म्हणून व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५६०० केल्व्हिनवर, म्हणजे उन्हाच्या खुणेवर, कुलूपबंद करा. दिवसभर हात लावू नका. फोनची ‘सीन’ ओळखणारी एआय सोय आणि ‘ब्युटी’ दोन्ही बंद.

एक्स्पोजरही लॉक. पांढरी वाफ चौकटीत शिरली की फोनला वाटतं उजेड फार झाला, तो चित्र काळवंडवतो, वाफ सरली की पुन्हा उजळवतो. असं धडधडणारं चित्र एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही. हातावर किंवा चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याची खूण आली की मगच चित्रण सुरू.

वाफ सुंदर दिसायची असेल तर उजेड तिच्या मागून किंवा बाजूने यावा आणि पाठीमागे काळोखी भिंत असावी. पांढऱ्या आकाशावर वाफ दिसतच नाही.

पहाटेच्या गारठ्यातून आत गेल्यावर भिंग धुकटतं. पुसत बसू नका, पुन्हा धुकटेल. आत जाऊन फोन दहा-पंधरा मिनिटं तापमानाला येऊ द्या. चिकट काकवीचे थेंब मात्र मऊ कापडाने, किंचित ओलं करून, लगेच पुसा.

प्रत्येक चित्र किमान १० सेकंद स्थिर धरायचं. मनात दहा मोजा, मग थांबवा. फिरवाफिरव शक्यतो नकोच. प्रत्येक कामाचे पाच कोन: हात, चेहरा, दोघांमधलं अंतर दाखवणारं लांबचं, खांद्यामागून, आणि एक अनपेक्षित, उदाहरणार्थ चरकाच्या पन्हळीतून टाकीत पडणारी धार. ऊस डावीकडून चरकात जाताना एकदा दाखवला की सगळ्या फोननी चरकाची तीच बाजू धरायची. नाहीतर एका चित्रात ऊस आत जातोय आणि पुढच्यात उलटा बाहेर येतोय असं वाटतं.

राधानगरी_एक्स्प्रेस
दादा, २५ फ्रेम का नको? आपल्या विजेला तेच जुळतं.

भिंगवाला
जुळतं, बरोबर. पण बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्यायच नसतो. एक फोन २५ आणि दोन ३० असले की जोडताना हालचाल अडखळते. तिन्ही सारखे असणं जास्त महत्त्वाचं. शटर १/५० वर असेल तर ३० फ्रेमलाही पट्टे येत नाहीत.

जागेचा हिशोबही लिहून ठेवा. १०८०पी ला फोन साधारण १७ मेगाबिट प्रतिसेकंद लिहितो, म्हणजे मिनिटाला १२५ ते १३० एमबी. सहा मिनिटांच्या पटासाठी तिन्ही फोन मिळून ६० ते ९० मिनिटं कच्चं चित्रण पुरतं, म्हणजे ८ ते १२ जीबी. त्याहून जास्त घेतलंत तर बघणार कोण, हा प्रश्न येतो. जाताना फोन रिकामे, विमान मोडवर, आणि एक पॉवर बँक.

कानोसा
आवाजाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं आणि विद्यार्थ्यांचे पट तिथेच पडतात. डळमळीत चित्र लोक सहन करतात, न कळणारं बोलणं कोणी दोन मिनिटंही ऐकत नाही.

चरकाची मोटर किंवा इंजिन चालू असताना मुलाखत घेऊ नका. कोणताही माइक ते झाकू शकणार नाही. चरक थांबतो ती वेळ वहीतल्या नोंदीवरून शोधा, नाहीतर माणसाला शेडपासून पन्नास पावलं दूर, उसाच्या फडाच्या कडेला न्या. उसाची पानं सळसळत असतील तर तिथेही नको, मग चिपाडाच्या गंजीच्या आडोशाला बसा. गंजी आवाज शोषते.

वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आत मिळतो. ३.५ मिमी पिनवर तीन काळ्या रेषा हव्यात. दोन रेषांची पिन कॅमेऱ्यासाठी असते, ती फोनला लावली तर फोन गुपचूप स्वतःच्याच माइकने ध्वनिमुद्रण करतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी जोडणी घ्या, पण आतमध्ये डॅक (आवाजाचं रूपांतर करणारी चिप) असलेली. ‘ओपन कॅमेरा’त आवाजाचा स्रोत ‘एक्स्टर्नल माइक’ निवडावा लागतो. खात्री करायची पद्धत सोपी: चित्रण चालू करा, माइकवर नखाने हलकं खरवडा, मग फोनवर खरवडा. ऐकताना कोणतं मोठं येतंय ते बघा.

माइक हनुवटीखाली एक वीत. सदऱ्याच्या काजाजवळ, आणि वायरीचा एक वळसा कापडाच्या आत चिकटपट्टीने अडकवलेला, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो परत शिवता येत नाही.

वायर पुरत नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात रेकॉर्डर म्हणून ठेवा. सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी. त्या टाळीचं टोक एडिटिंगमध्ये जुळवायचं.

माणसांचं झालं की जागेचे आवाज वेगळे घ्या, प्रत्येकी एक मिनिट, गप्प राहून: चरक, पन्हळीतला रस, मंद उकळी, जोराची उकळी, जाळ, वाफ्यात घोटण्याचा खरखराट, आणि काहीच चालू नसतानाची शेड. शेवटचा तुकडा निरुपयोगी वाटेल, पण मुलाखत कापताना मध्ये पडणारी पोकळी त्यानेच भरते.

वर्गशिक्षिका_करवीर
फार उपयोगी, आभार. मुलाखतीत काय विचारावं? आणि पार्श्वसंगीताला जुनं मराठी गाणं चालेल का? मुलांचं म्हणणं, ६० वर्षं झाली की सगळं मोकळं होतं.

कानोसा
‘तुम्ही गूळ करता का’ असे हो-नाहीचे प्रश्न नकोत. ‘पाक झाला हे कशावरून ओळखता? करून दाखवा’ असा विचारा. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नंतर कापला जातो, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची आधीच विनंती करा. उत्तर संपल्यावर मुलाने ताबडतोब पुढचा प्रश्न टाकू नये. तीन सेकंद थांबलं की माणूस बहुधा आणखी एक वाक्य बोलतो आणि तेच कामाचं असतं. बोली आहे तशी ठेवा, उपशीर्षकातही तशीच लिहा.

गाण्याचं: कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. पण त्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे जुनी तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. वर्गात दाखवणं एक आणि यूट्यूबवर टाकणं दुसरं. मला विचाराल तर गाणं नकोच. उकळीचा आवाज मंद ते जोरकस होत जातो, तेच तुमचं संगीत. अगदीच हवं असेल तर गावातल्या एखाद्या आजीकडून जात्यावरची ओवी मुद्रित करा, परवानगी घेऊन, आणि शेवटच्या पाटीवर तिचं नाव द्या.

तक्तेवाली_मेघा
माहितीचित्राकडे वळते. आधी ठरवा की पटात काय सांगायचं आणि कागदावर काय. पाक ओळखणारा हात, हाक, घाई, रंग हे पटाचं काम. किती उसातून किती गूळ, बाकीचं कुठे गेलं, हे कागदाचं. निवेदनात ‘एक हजार किलो उसापासून सहाशे किलो रस’ ऐकवलं तर कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि कागदावर गुळव्याचा फोटो मोठा लावून आकडे कोपऱ्यात ढकलले तर कागद कशाला?

या विषयाला रुंदीने प्रमाण दाखवणारा प्रवाहपट्टा उत्तम बसतो. प्रमाण धरा १० किलोला १ मिमी. म्हणजे १ टन ऊस १०० मिमी रुंद पट्टा. चरकापाशी तो फुटतो: रस साधारण ६०० किलो, ६० मिमी, ओली चिपाडं ४०० किलो, ४० मिमी. रसाचा पट्टा काहिलीवर पुन्हा फुटतो: गूळ सुमारे १०५ किलो, साडेदहा मिमी, मळी २० किलो, २ मिमी, उरलेले ४७५ किलो वाफ, साडेसत्तेचाळीस मिमी. वर उठणारा हा वाफेचा पट्टाच बघणाऱ्याला थांबवतो. पटात जी वाफ दिसते ती कागदावर मोजलेली भेटते.

हे आकडे फक्त अंदाज तपासण्यासाठी. छापायचे ते तुम्ही गुऱ्हाळावर मोजलेले. उसाची जात, तोडणीनंतर किती वेळ गेला, चरक किती घट्ट आहे, यावर सगळं हलतं. ताळा असा करा: रसाचा ब्रिक्स (शंभर किलो रसात विरघळलेले पदार्थ किती किलो, तो आकडा) २० आला तर ६०० किलो रसात १२० किलो विरघळलेले पदार्थ आहेत. त्यातले काही मळीत जातात आणि तयार गुळात थोडं पाणी राहतं. तुमच्या वजनात गूळ १४० किलो आला तर वजन चुकलंय किंवा दोन आधणांची बेरीज झालीय.

एक चूक हमखास होते. मुलं चिपाडापासून चुलवाणाकडे बाण काढून वर्तुळ पूर्ण करतात. आज निघालेली चिपाडं ओली असतात, ती उन्हात काही दिवस वाळवूनच जळतात. आज चुलवाणात गेली ती आधीची. बाणाच्या मध्ये ‘वाळवण’ हा टप्पा काढा, नाहीतर चित्र खोटं बोलतं.

दुसरी चूक: ‘दुप्पट गूळ’ दाखवायला ढेपेचं चित्र दुप्पट उंच करणं. उंची दुप्पट झाली की रुंदीही होते आणि डोळ्याला चौपट दिसतं. त्यापेक्षा त्याच आकाराच्या दोन ढेपा शेजारी ठेवा. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी चित्रभाषेचा हाच नियम घातला होता: संख्या वाढली तर खुणा वाढवा, खूण फुगवू नका. आणि गेल्या वर्षांच्या दरांचे स्तंभ काढणार असाल तर अक्ष शून्यापासूनच सुरू करा.

अक्षरांचे आकार: मथळा ७२ पॉइंट, पट्ट्यावरचे आकडे ३६, मजकूर २४ च्या खाली नाही. भिंतीवरचा कागद दोन मीटरवरून वाचला जातो. रंग चारच. रसाचा हिरवट, गुळाचा सोनेरी, चिपाडाचा फिका तपकिरी, वाफेचा करडा. लाल-हिरव्याच्या जोडीवर अर्थ टांगू नका, काहींना तो फरक दिसत नाही.

भिंगवाला
ताईंच्या वाफेच्या पट्ट्याला जोड म्हणून पटात टाइमलॅप्स घ्या. तीन तासांचं आधण २० सेकंदांत दाखवायचं तर ३० फ्रेमने ६०० चित्रं लागतात. १०,८०० सेकंद भागिले ६००, म्हणजे दर १८ सेकंदाला एक. फोन ट्रायपॉडवर, चार्जरला लावलेला, वाफेच्या बाजूला नव्हे, फोकस-एक्स्पोजर-रंग तिन्ही लॉक. ट्रायपॉडच्या पायांना विटा. दादासाहेब फाळके यांनीही पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच थोड्या-थोड्या अंतराने टिपली होती. मुलांना हे जरूर सांगा.

राधानगरी_एक्स्प्रेस
गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) टाकतात. मुलांनी ते दाखवायचं की टाळायचं?

काकवी_आणि_भाकरी
टाळू नये, पण लपूनछपून पिशवीचं चित्रण मुळीच नको. ज्यांनी दार उघडलं त्यांच्याशी ते बरं नव्हे. सरळ विचारावं: रंगासाठी काय वापरता? भेंडी, चुन्याची निवळी, जे सांगतील ते पटात ठेवावं. नियम वेगळ्या पाटीवर लिहावा: अन्नसुरक्षा नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम आहे. या गुऱ्हाळातल्या गुळात किती, हे प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय एका शब्दानेही सुचवू नका.

पाक उतरवायचं तापमान साधारण ११६ ते ११८ अंश असतं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक वाफेत आणि फेसात चुकीचं दाखवतो. दांड्याचा तापमापक गुळव्याच्या हातून घालून घ्या, मुलांच्या नाही. तापमापकाचा आकडा आणि गुळव्याने पाण्यात पाक टाकून वळलेली गोळी, दोन्ही एकाच चौकटीत आली तर फार मोलाचं चित्र मिळेल.

सायडिंगचा_सिग्नल
सुरक्षेबद्दल कोणी बोललं नाही. काहिलीपासून दोन मीटरवर चुन्याने रेषा मारा, मुलं रेषेच्या अलीकडे. जवळचं चित्र फोनच्या २एक्स भिंगाने घ्या. चरकाच्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातली वायर काहीही नको, केस बांधलेले. जमिनीवर रस सांडलेला असतो, चप्पल घसरते, बूट घाला.

तोंडी होकार पुरेसा नाही. मालक, गुळव्या, जळव्या, प्रत्येकाकडून मराठीत एका पानाचं संमतीपत्र घ्या. पट कुठे दाखवणार, नेटवर टाकणार का, हे त्यात लिहा. मुलांच्या पालकांचंही घ्या. गुऱ्हाळावर कामगारांची लहान मुलं असतील तर त्यांचे चेहरे चित्रणात घेऊ नका.

जोडकाम
एडिटिंग. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवू नका, तो दाबून बारीक होतो. वायरने थेट संगणकावर आणि त्याच दिवशी एका पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. फोल्डर असे: ०१_चरक, ०२_काहील, ०३_पाक, ०४_वाफा, ०५_मुलाखती, ०६_आवाज.

फोनचे व्हिडिओ बहुधा बदलत्या फ्रेमदराचे असतात. संगणकावर सुरुवातीला ओठ-आवाज जुळतात आणि पाचव्या मिनिटाला आवाज मागे-पुढे सरकतो. इलाज: ‘हँडब्रेक’ या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळ्या फायली आधी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, ३०, गुणवत्ता आरएफ २० ला बदलून घ्या. मग शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट. ८ जीबीवर प्रॉक्सी चालू ठेवा, म्हणजे काम हलक्या प्रतीवर होतं आणि शेवटी मूळ चित्र निघतं.

आधी निवेदनाशिवाय जोडा. मुका पट वर्गाबाहेरच्या दोन मुलांना दाखवा आणि जिथे ‘हे काय चाललंय’ विचारतील तिथेच निवेदन लिहा. सहा मिनिटांना २५० ते ३०० शब्दांवर जाऊ नका.

देवनागरी पाट्यांची डोकेदुखी सगळ्यांना येते. काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार सुटतो, ‘गुऱ्हाळ’मधला ऱ्ह हमखास तुटतो. म्हणून पाट्या इंकस्केप या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या युनिकोड फाँटमध्ये लिहा, १९२०×१०८० ची पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून वर ठेवा. उपशीर्षकं दोन ओळी, ओळीला ३५-४० अक्षरं, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन.

माहितीचित्र छापायला देताना इंकस्केपमध्ये सगळ्या अक्षरांचे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ द्या. छपाईवाल्याच्या संगणकावर जुने फाँट असतात, मजकुराच्या जागी चौकोन येतात. अक्षरं सुटी असलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. चित्रच द्यायचं असेल तर ए-२ ला १५० डीपीआयने २४८०×३५०८ पिक्सेल हवेत. आधी ए-४ वर एक प्रत काढून सोनेरी रंग बघा, पडद्यावरचा झगझगीत पिवळा कागदावर मातकट होतो.

वर्गशिक्षिका_करवीर
शनिवारी फक्त वह्या घेऊन जातोय. संमतीपत्रं सोबत नेते. वजनं कशी घ्यायची तेवढं सांगा, तिथे ट्रॉलीचा काटा नाही.

तक्तेवाली_मेघा
ऊस मोळ्यांनी मोजा: दहा मोळ्या ताणकाट्यावर तोलून सरासरी काढा, मग त्या आधणाला लागलेल्या मोळ्या मोजा. रसासाठी टाकीची लांबी-रुंदी आणि रसाची उंची पट्टीने घ्या, लिटर काढा आणि १.०८ ने गुणा, २० ब्रिक्सचा रस पाण्यापेक्षा तेवढा जड असतो. ब्रिक्स मोजायचं यंत्र कृषी महाविद्यालयात किंवा कारखान्यात मागून मिळतं का ते बघा. चिपाडं वजा करून काढू नका, थोडी तरी ओली तोला. मळीची बादली रिकामी आणि भरलेली, दोन्ही वजनं. गूळ साच्यातून काढल्यावर. वाफ एकटीच वजाबाकीने येते, तिच्यापुढे ‘हिशोबाने’ असं बारीक लिहा.